चार कापडांची चांदणी: गोधडीचा ब्लॉक अचूक कसा जोडायचा

आपल्याकडची गोधडी, मग तिला कुणी वाकळ म्हणो की कौदी, सहसा तुकडे जोडून केलेली नसते. खाली जुन्या साड्यांचे थर अंथरायचे, वर कापडाचे तुकडे कडा दुमडून मांडत जायचे आणि धावदोऱ्याने सगळं एकत्र बांधायचं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही याच जातीची. त्या कडेपासून सुरुवात करून आत आत टाके घालत येतात आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. या पद्धतीत एखादा तुकडा बोटभर इकडे तिकडे गेला तरी काही बिघडत नाही. उलट त्यानेच गोधडीला जिवंतपणा येतो.

या लेखात जे करायचं आहे ते वेगळं आहे. आधी तुकडे एकमेकांना शिवून एक चौकोनी ब्लॉक तयार करायचा, असे अनेक ब्लॉक जोडून वरचं कापड करायचं आणि मग त्याची गोधडी. इथे मात्र माप चुकलं की चांदणीची टोकं शिवणीत गडप होतात. चार वेगवेगळ्या स्वभावाची कापडं एकाच ब्लॉकमध्ये आली की काम आणखी नाजूक होतं. बहुतेक जणी अशा वेळी मशीनला दोष देतात. माझ्या मते ब्लॉक बिघडतो तो मशीनवर बसण्याच्या कितीतरी आधी, कापड निवडताना आणि तयार करताना. म्हणून या लेखातला मोठा भाग त्यालाच दिला आहे.

नमुना म्हणून घेतली आहे ती अमेरिकेत ‘ओहायो स्टार’ नावाने ओळखली जाणारी जुनी चांदणी. नऊ चौकोनांचा, तीन गुणिले तीनचा पट. चार कोपरे साधे, मधला चौकोन साधा, आणि चारही बाजूंच्या मधल्या घरात चार-चार त्रिकोणांचा एक चौकोन. या त्रिकोणांपैकी बाहेरच्या कडेचा त्रिकोण पार्श्वभूमीच्या कापडाचा, मधल्या चौकोनाला टेकणारा त्रिकोण तिसऱ्या कापडाचा, आणि डावी-उजवीकडचे दोन चांदणीच्या कापडाचे. शिवून झाल्यावर एक घर ४ इंचांचं, पूर्ण ब्लॉक १२ इंचांचा. कडेची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड, धरून तो हातात १२½ इंच भरला पाहिजे.

कापड

घरात ओटीत आलेले ब्लाउजपीस साठलेले असतातच. त्यांपासून सुरुवात करा, पण डोळे झाकून नको. त्यातले बरेचसे मिश्र धाग्याचे असतात. ओळखायचं कसं? कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख राहते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. पॉलिएस्टर वापरूच नये असं नाही, पण ते इस्त्रीची घडी नीट धरत नाही आणि या कामाचा अर्धा जीव इस्त्रीत आहे. पहिल्या ब्लॉकला सगळं सुतीच घ्या.

माझी आवडती जोडणी अशी: पार्श्वभूमीला धुतलेलं मांजरपाट किंवा पांढरट केंब्रिक, चांदणीला जुन्या गडद इरकलीचं अंग, आतल्या त्रिकोणांना हळदी रंगाचं पोपलीन आणि मधोमध बुट्टीचा खण. दिसायला सुरेख, पण चौघांचे स्वभाव चार. मांजरपाट आटतं. वापरून मऊ झालेली साडी ताणली जाते. पोपलीन शहाणं. खण सुटसुट धागे सोडतो आणि त्यात रेशीम किंवा रेयॉन असेल तर गरम इस्त्रीने त्याची चमक जाते.

जुनी साडी वापरताना आधी ती उजेडासमोर धरा. बसण्याच्या जागी येणारा आणि फॉलच्या वरचा भाग विरलेला असतो. पदराकडचा भाग बहुधा शाबूत निघतो. दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड ताणून बघा. कर्र असा बारीक आवाज आला तर तो भाग वरच्या कापडात नको, थराला वापरा.

मग सगळी कापडं धुवायची, नवी असली तरी, आणि खण सोडून. तो गार पाण्यात वेगळा, हलक्या हाताने. गडद लाल, मरून आणि निळीच्या रंगाची कापडं, म्हणजे अजरख वगैरे, पांढऱ्या वाडग्यात कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. नंतर ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवा. रुमालाला डाग लागला तर पुन्हा धुवा. तीन-चार धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते कापड या ब्लॉकसाठी नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडे सगळे सांगतात. तयार रंगवलेल्या बाजारी कापडाच्या बाबतीत माझा त्यावर भरवसा नाही. मांजरपाटाच्या शेजारी मरून रंग सुटला की गोधडी कायमची गुलाबी.

रंगांची निवड करताना रंगापेक्षा गडद-फिकटपणा बघायचा. चारही कापडं शेजारी शेजारी मांडा आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. लाल आणि हिरवं डोळ्याला कितीही वेगळं दिसलं तरी फोटोत ते एकच करडं दिसत असेल, तर ब्लॉकमध्ये चांदणी दिसणार नाही. चांदणी आणि पार्श्वभूमी यांच्यात ठळक फरक हवा. आतले त्रिकोण मधल्या छटेचे चालतात.

खळ

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. वेगवेगळी कापडं एकसारखी वागायला लावण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खळ. एक मोठा चमचा आरारूट थोड्या गार पाण्यात कालवा, अर्धा लिटर उकळत्या पाण्यात ओता, आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळा. साबुदाण्याची किंवा तांदळाच्या पेजेची खळही चालते, फक्त ती गाळून घ्या, नाहीतर गडद कापडावर पांढरे कण बसतात. साडी आणि मलमल दाट खळीत बुडवा, पोपलीन-केंब्रिकला पातळ केलेली पुरते. सावलीत वाळवा आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. साडीचं कापड हाताला कागदासारखं कडक लागलं पाहिजे.

खणाला खळ नको. त्याच्या उलट बाजूला पातळ फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावा. शिंप्यांच्या सामानाच्या दुकानात पेस्टिंग म्हणून मागितलं की मिळतं. कॉलरचं जाड देतील, ते घेऊ नका, सगळ्यात पातळ मागा. मध्यम इस्त्री, वर सुती रुमाल, आणि इस्त्री न सरकवता दाबून उचलायची. यामुळे खणाचे धागेही सुटत नाहीत.

गोधडी पूर्ण झाली की ती एकदा धुवायची हे विसरू नका. खळीवर झुरळं आणि कसर येते.

कापणं

एका ब्लॉकला लागणारे तुकडे असे:

पार्श्वभूमी: ४½ इंचांचे चार चौकोन आणि ५½ इंचांचा एक. साडेपाच इंच रुंद आणि २४ इंच लांब पट्टीत हे सगळं बसतं.
चांदणी: ५½ इंचांचे दोन.
आतले त्रिकोण: ५½ इंचांचा एक.
मध्य: ४½ इंचांचा एक.

बरोबर गणित केलं तर त्रिकोणांसाठी ५¼ इंचांचे चौकोन पुरतात. मी मुद्दाम पाव इंच जास्त घेते आणि शिवून झाल्यावर छाटते. मिश्र कापडांत हा पाव इंच म्हणजे विमा आहे.

चौकोनाच्या कडा उभ्या-आडव्या धाग्याला समांतर हव्यात. पोपलीन किंवा केंब्रिकची एक कड फाडून घेतली की सरळ धागा मिळतो. साडीला काठ असतोच, त्यावरून मोजा. इरकलीत चौकटी किंवा रेघा असतील तर कापताना रेघेबरोबर जा. टेपापेक्षा डोळ्याला रेघेचा वाकडेपणा आधी दिसतो.

फिरतं चाकू-कटर आणि चटई असेल तर उत्तम. नसेल तर जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या, त्यातून ४½ आणि ५½ इंचांचे साचे कापा आणि टोकदार पेन्सिलीने उलट बाजूला आखा. गडद कापडावर साबणाची वाळलेली चिपटी टेलर-चॉकपेक्षा बारीक रेघ देते. माप स्टीलच्या पट्टीने घ्या. वर्षानुवर्षं वापरलेली शिंप्याची टेप ताणलेली असते.

खणाच्या चौकोनात बुट्टी नेमकी मधोमध यायला हवी. त्यासाठी एका कागदात ४ इंचांची खिडकी कापा. कापडावर ठेवलेल्या खिडकीतून जे दिसतं तेच शिवून झाल्यावर दिसणार आहे. बुट्टी मधोमध आली की खिडकीच्या कडेने टिंबं करा आणि चारही बाजूंनी पाव इंच वाढवून कापा.

पाव इंचाची माया

ब्लाउजला आपण इंचभर माया सोडतो, पुढेमागे ढिलं करायला. इथे माया पाव इंच, म्हणजे सुताराच्या भाषेत दोन सूत, आणि ती सगळीकडे सारखी. अर्ध्या सुताने चुकलं तर काय होतं याचा हिशेब बघा. शिवण अर्धा सूत जास्त आत गेली की दोन्ही तुकड्यांतून अर्धा-अर्धा, म्हणजे एक सूत कमी होतं. एका ओळीत दोन शिवणी, म्हणून ब्लॉक पाव इंचाने आखूड. शेजारच्या ब्लॉकशी तो मग कधीच जुळत नाही.

साध्या काळ्या मशीनवर फुटाची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाची, कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असेलच असं नाही. सुई खाली आणा, सुईपासून उजवीकडे पाव इंच मोजा आणि तिथे मशीनच्या पत्र्यावर मास्किंग टेपचे तीन-चार थर चिकटवा. कापड त्या भिंतीला टेकवत चालवायचं. मग परीक्षा: १½ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टेप सुईच्या जवळ सरकवा, जास्त भरली तर लांब. ही परीक्षा तुमच्या ब्लॉकच्याच कापडांवर घ्या, कारण कापडाची घडीही थोडी जागा खाते आणि जाड कापडात ती जास्त खाते.

पातळ कापडांना ११ नंबरची सुई, पोपलीन आणि मांजरपाटाला १४ नंबरची. मिश्र ब्लॉकला मी ११ नंबरचीच लावते, खणाचे धागे ती ओढत नाही. इंचाला १० ते १२ टाके पुरे. धागा राखाडी घेतला की तो चारही कापडांत मिसळून जातो.

त्रिकोणांचे चौकोन

कापलेले त्रिकोण शिवायला घेतले की तिरकी कड, म्हणजे उरेब, हातात ताणली जाते. म्हणून इथे त्रिकोण कापायचेच नाहीत. चौकोन शिवून मग कापायचे.

पार्श्वभूमीचा ५½ इंची चौकोन आणि चांदणीचा एक चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा. फिकट कापडाच्या उलट बाजूला एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंचावर टीप मारा. मग रेघेवर कापा. उघडलंत की दोन-दोन त्रिकोणांचे दोन चौकोन तयार. चांदणीचा दुसरा चौकोन आणि हळदी चौकोन घेऊन हेच करा.

आता इस्त्री. शिवणीतली माया चारही तुकड्यांत चांदणीच्या कापडाकडे वळवा. इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. कपड्याला करतो तशी पुढेमागे फिरवली तर चौकोनाचा पतंग होतो.

पुढे एक पांढरा-गडद चौकोन आणि एक हळदी-गडद चौकोन घ्या. सुलट बाजू आत, आणि एकाच्या गडद भागावर दुसऱ्याचा फिकट भाग येईल असे एकमेकांवर ठेवा. माया विरुद्ध दिशांना वळवलेली असल्यामुळे दोन्ही शिवणी एकमेकींत खटकन बसतात. बोटांनी चाचपून ते कळतं. मधोमध एक टाचणी. आता आधीच्या शिवणीला छेद देणारी तिरकी रेघ ओढा, दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारा, रेघेवर कापा. दोन जोड्यांतून चार चौकोन मिळतील, प्रत्येकात चार त्रिकोण. या शेवटच्या शिवणीची माया दोन्हीकडे उघडून दाबा, नाहीतर मध्यभागी आठ थरांची गाठ होते आणि हाताने गोधडी घालताना सुई तिथे अडते.

हे चौकोन साधारण पावणेपाच इंच भरतात. आता छाटणी. कटरबरोबर वापरतात त्या पारदर्शक पट्टीवर ४½ इंचांच्या चौकोनाचा मध्य, म्हणजे दोन्ही बाजूंनी २¼ इंच, नेमका चार त्रिकोण मिळतात त्या बिंदूवर ठेवा. पट्टीवरची ४५ अंशांची रेघ शिवणीवर बसवा. दोन बाजू छाटा, चौकोन फिरवा, उरलेल्या दोन छाटा. पुठ्ठ्याचा साचा वापरत असाल तर त्यावर दोन्ही कर्ण आखून घ्या आणि मध्याला टाचणीचं भोक पाडा. या छाटणीत घाई करायची नाही. चांदणीची टोकं इथेच ठरतात. प्रत्येक शिवण चौकोनाच्या नेमक्या कोपऱ्यातून बाहेर पडली पाहिजे.

चांदणी दोन रंगांची हवी असेल तर त्याच पद्धतीत एक गंमत आहे. चांदणीचे दोन चौकोन दोन वेगळ्या कापडांचे घ्या. पहिला पांढऱ्याबरोबर, दुसरा हळदीबरोबर. तयार होणाऱ्या चार चौकोनांपैकी दोन उरलेल्या दोघांची आरशातली प्रतिमा असतात. एक जात वर-खाली आणि दुसरी डावी-उजवीकडे मांडली की प्रत्येक कोपऱ्याला एकाच रंगाची दोन टोकं येतात, समोरासमोरच्या कोपऱ्यांत तोच रंग. एकही तुकडा जास्त लागत नाही.

जोडणी

नऊ तुकडे टेबलावर मांडा आणि पुन्हा एक फोटो काढा. एखादा त्रिकोण उलटा फिरलेला असेल तर फोटोत लगेच दिसतो. हळदी त्रिकोण चारही बाजूंनी खणाला टेकलेले हवेत.

आधी आडव्या तीन ओळी शिवा. शिवणीची माया नेहमी साध्या चौकोनाकडे वळवा: वरच्या आणि खालच्या ओळीत कोपऱ्यांकडे, मधल्या ओळीत खणाकडे. मग ओळी एकमेकींवर ठेवल्या की शिवणी आपोआप विरुद्ध दिशेला असतात आणि एकमेकींत बसतात. प्रत्येक छेदावर एक टाचणी, शिवणीच्या आधी अर्ध्या सुतावर. टाचणीवरून सुई चालवू नका, जवळ आली की काढा.

शिवताना त्रिकोणांची बाजू वर ठेवा म्हणजे तिरक्या शिवणी डोळ्यासमोर राहतात. टीप तिरक्या शिवणी जिथे छेदतात त्या बिंदूवरून, किंवा केसभर कडेच्या बाजूने गेली पाहिजे. आत गेली की टोक कापलं गेलं. मांजरपाट आणि साडी एकमेकांवर असतील तर मऊ कापड खाली, दात्यांच्या बाजूला ठेवा. दाते खालचं कापड थोडं जास्त ओढून घेतात, त्यामुळे ताणलेली साडी सामावली जाते. ओळींमधल्या दोन लांब शिवणींची माया उघडून दाबा.

हाताने शिवायचं असेल तर मापं हीच. फक्त शिवणीची रेघ उलट बाजूला पेन्सिलीने आखून घ्या, बारीक धावदोरा घाला आणि दर इंचाला एक उलट टाका. लोकलमध्ये, दवाखान्याच्या रांगेत होण्यासारखं काम आहे हे. खणाला मात्र हातानेही फ्यूजिंग लावाच.

मोजणं आणि सुधारणं

तयार ब्लॉक उलटा ठेवून दाबा, मग सुलट. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. १२½ इंचाला एक सूत कमी-जास्त भरलं तर सोडून द्या, शेजारचा ब्लॉक जोडताना ते सामावतं. दोन सूत कमी असेल तर आधी इस्त्री बघा. शिवणीपाशी कापड दुमडून राहिलेलं असतं आणि नुसतं नीट दाबल्याने तूट भरून निघते. तरीही आखूडच असेल तर बाहेरच्या ओळीची शिवण उसवून पुन्हा घाला. ब्लॉक मोठा भरला तर कडा छाटायचा मोह टाळा. छाटलं की चांदणीची टोकं पुढच्या शिवणीत जाणार. तिथेही उसवणं हाच उपाय.

ब्लॉक मध्ये फुगत असेल आणि कडा सपाट बसत असतील तर मधल्या कापडाला खळ किंवा फ्यूजिंग कमी पडलंय. कडा लहरत असतील तर इस्त्री घासली गेली आहे. पाण्याचा हलका फवारा मारून, चारही बाजूंना बरोबर १२½ इंचांवर टाचण्या लावून जाड चादरीवर वाळू द्या.

एका माणसाच्या पांघरुणाला ६० बाय ८४ इंच, म्हणजे पाच रांगांत सात असे ३५ ब्लॉक लागतात. सगळ्यांची कापडं एकदम धुवून खळ घालून ठेवा, पण कापायची एका वेळी दोन-तीन ब्लॉकचीच. कापलेले तुकडे ढीग करून ठेवले की खालच्यांच्या कडा ताणल्या जातात. खालच्या अंगाला एखादी जुनी सुती नऊवारी घ्या, ती लांबीला पुरून उरते. वरचं कापड, थर आणि खालचं कापड एकत्र कच्च्या टिपेने बांधलं की पुढचं काम धावदोऱ्याचं.